काट्याळाचं रिकामं पोट

रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताच जयवंती तांडेलने त्यातला एकेक काट्याळ मासा विळीवर चिरला. बायका श्वास रोखून बघत होत्या.

"गाबोळी नाय गो, एकाच्याय पोटात अंडा नाय!" ती ओरडली, तसा एकच जल्लोष झाला. परक्या समुद्रातून आलेल्या या माशाने इथल्या मासळीची पिल्लावळ फस्त केली होती. म्हणून शास्त्रज्ञांनी फक्त नरच पिल्लं होणारे काट्याळ समुद्रात सोडले होते; पिढ्यांगणिक माद्या घटत गेल्या. आता काट्याळाची मादी उरलीच नव्हती.

तेवढ्यात तिच्या सुनेने जाळ्यातली जिवंत तांबोशी उचलली, इथलीच मासळी. कैक वर्षांनी दिसलेली, अंड्यांनी पोट टरारलेली! सून हरखून विळीकडे वळली.

"थांब गो!" जयवंतीने मासळी हिसकावली, पोटाशी धरून कंबरभर पाण्यात नेली आणि अलगद सोडली.

"जा बाये, माहेर मोकळा झाला तुझा. सुखान बाळंत हो."