कुणी न वापरलेली

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे डॉक्टरांना आठवलं ते प्रदर्शनातल्या नव्या यॉटवर चढण्याआधी बूट काढताना. आठवण त्यांनी बुटांबरोबरच धक्क्यावर ठेवली.

पत्र साधं होतं. ताईचे यजमान, म्हणजे डॉक्टरांचे भाऊजी, हिवाळ्यात गेले. त्यांची यॉट विकायची होती. ‘परक्याच्या हातात देण्याआधी तुला विचारते,’ ताईनं लिहिलं होतं. ‘माझ्यानं आत पाऊल टाकवत नाही. सगळं ह्यांनी ठेवलं तसंच आहे. टूथब्रशसुद्धा पेल्यात उभा आहे.’

त्या ब्रशपाशी डॉक्टरांच्या अंगावर शहारा आला होता. जन्मभर त्यांनी लोकांच्या किडलेल्या दाढा उपटल्या. आता दवाखाना बंद केल्यावर एकच हौस उरली होती. पाण्यावर राहायचं, आणि तेही अशा जागी, जिथे दुसऱ्या कुणाचा घाम, केस, श्वास लागलेला नाही. वापरलेली यॉट घेणं म्हणजे दुसऱ्याचा ब्रश आपल्या तोंडात घालणं. हे ताईला कसं लिहिणार? म्हणून लिहिलंच नाही. तिनंही परत विचारलं नाही. ती कुणालाच दुसऱ्यांदा विचारत नसे.

“भाऊजींची काय वाईट होती?” बायको धक्क्यावरूनच म्हणाली. प्रदर्शन बघायला ती आली होती, चढायला नाही.

“वापरलेली आहे ती.”

“मीही वापरलेलीच आहे.”

“तू नवी होतीस तेव्हापासून माझ्याचकडे आहेस.”

“तीही भाऊजींकडेच होती की.”

डॉक्टरांनी ऐकलं नाही. विक्रेत्यानं टोपलीतून कापडी मोजे काढून दिले. डेकवर चरा पडू नये म्हणून ते घालायचे. मोज्यांत आधीच्या पायांची ऊब होती. एरवी डॉक्टरांनी ते चिमटीत धरून लांब केले असते. पण समोर काचेचं दार सरकलं आणि ते तसेच आत शिरले.

आत सगळं दुधाच्या दातांसारखं पांढरं होतं. सोफा, भिंती, छत. कोऱ्या चामड्याचा वास. सुकाणूच्या चाकापाशी बसलं की समोर नुसतं पाणी. आयुष्यभर हातमोजे घालून जगाला शिवलेल्या माणसानं भिंतीवर उघडा तळवा टेकला आणि बराच वेळ काढला नाही. या वयात असं काही होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“हीच,” ते म्हणाले.

“तुमची नजर चांगली आहे, डॉक्टर,” विक्रेता म्हणाला. “हीच न्या. नाहीतर नवी बांधून मिळेपर्यंत दोनेक वर्षं थांबावं लागेल.”

“म्हणजे? ही नवी नाही?”

“नवीच की. अजून कुणी विकत कुठे घेतलीय? प्रदर्शनांतून फिरते फक्त.”

डॉक्टरांच्या वयात दोन वर्षं म्हणजे फार. त्यांनी मान डोलावली आणि आपली यॉट बघायला ते आतल्या खोलीत गेले.

पलंगावरची चादर ताणलेली होती. उशीला मात्र मधोमध खळगा होता आणि त्या खळग्यात तेलकट डाग. त्यांनी उशी उलटली. दुसऱ्या बाजूलाही डाग होता, त्याच्यावर एक केस. ते मागे सरले. आधारासाठी टेबल धरलं, तर खालून बोटांना काहीतरी मऊ चिकटलं. वाकून पाहिलं. च्युइंगम. त्यावर दाढेचा ठसा उमटला होता. दाढेचा कोपरा तुटका. कुणा अनोळखी माणसाच्या तोंडाची एवढी माहिती त्यांना नको होती.

हात धुवायला ते संडासाकडे धावले. झाकणावर चिठ्ठी होती: ‘वापरू नये. पाणी जोडलेलं नाही.’ नळाला पाणी नव्हतंच. वास कशाचा येतोय म्हणून त्यांनी झाकण उचललं.

झाकण पडल्याचा आवाज ऐकून विक्रेता आला.

“अहो, गावोगावचे हजारो लोक चढतात. घेणारा एखादाच. बाकीचे लोळतात, फोटो काढतात, एखाद्याला घाईची लागतेही. तुम्ही काळजी करू नका. पुसून देऊ.”

डॉक्टर तोंडावर रुमाल धरून बाहेर आले. मोजे उतरवले. विक्रेत्यानं ते झटकले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातात दिले.

बायकोनं बूट पुढे सरकवले. “काय झालं?”

“शी.” त्यांनी रुमालाला बोटं खसाखसा पुसली, मग रुमालच फेकून दिला. “सगळ्यांनी उष्टावलेली आहे.”

तिनं रुमाल उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग म्हणाली, “दवाखाना उघडला तेव्हा कुणी फिरकत नव्हतं. तुमच्या खुर्चीत पहिलं येऊन कोण बसलं? दात दुखत नसताना?”

डॉक्टरांनी बुटाची नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली. भाऊजींचं ते तोंड त्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं होतं. त्यातली एकही दाढ जाऊ दिली नव्हती.

बंदराच्या फाटकाशी टपाल कचेरी होती. तिथल्याच फळीवर, तिथल्याच दोरीला बांधलेल्या चिकट पेनानं त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं:

‘ताई, यॉट परक्याला देऊ नकोस. उशीर झाला, मी येतोय. आत काही आवरू नकोस. ब्रशही राहू दे. दर वर्षी मीच द्यायचो त्यांना.’

पेटीच्या फटीची कड हात लागून लागून काळी, तुळतुळीत झाली होती. डॉक्टरांनी मनगटापर्यंत हात आत घालून पत्र सोडलं, आणि तोच हात बायकोच्या हातात दिला.