बिस्किटांचा साचा

सकाळची प्रार्थना आटोपून भटारखान्यात आले, तर बाबा बिस्किटांच्या लाकडी साच्यावर छिन्नी टेकवून बसलेले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच त्यात दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता कोरला होता, शेवटी ‘डॉट ईयू’. बिस्किटावर तो वाचून फ्रान्सहून मागणी यायची. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, आणि ‘डॉट ईयू’ फक्त संघातल्यांनाच मिळत असल्यानं पत्ता आमचा राहिला नाही, मागणी आटली. आमच्या नावाचं ‘डॉट कॉम’ केव्हाच दुसऱ्या बेकरीनं घेतलेलं. “राहू द्या ना, बाबा.” “राहू देऊन काय करू, मोर्वेना? बंद दाराशी पाहुणे पाठवू?” “बाहेर पडायचं मत देऊन शीळ घालत आला होतात!” “मला वाटलं, आपल्या समुद्रातले मासे आपल्याला मिळतील. बिस्किटांचं कुणी बोललंच नाही.” त्यांनी शेवटची अक्षरं तासून काढली, भुसा फुंकला आणि साचा माझ्यापुढे धरला. “इथे आता काय कोरू?”