निळाशार शाफ्ट

रोपवे ओढणाऱ्या शाफ्टचं संगणकावरचं मॉडेल तिनेच वर्षभरापूर्वी तपासलं होतं. स्क्रीनवर शाफ्ट निळाशार, धोक्याचा लाल ठिपका औषधालाही नव्हता. "दृष्ट काढा हो याची कुणीतरी!" साहेब खुशीत म्हणाले होते. तो रोपवे आजच सुरू झाला होता, आणि नवरा सकाळीच लेकीला घेऊन तिकडे गेला होता.

"दुसऱ्या रोपवेला याच्या दुप्पट टॉर्क आहे," साहेब आज सांगून गेले. "जुनंच मॉडेल घे, आकडा बदल, झालं काम."

तिने टॉर्कचा, म्हणजे शाफ्टला पिळणाऱ्या जोराचा, आकडा दुप्पट केला. चित्र आलं ते तेच, एका छटेचाही फरक नाही. तिने दहापट केला. शाफ्ट ढिम्म, निळाच.

मॉडेल ज्या ठोकळ्यांचं बनतं त्या सॉलिड एलिमेंटच्या नोडला, म्हणजे कोपऱ्यातल्या बिंदूला, नुसतं सरकता येतं, वळता येत नाही, हे ती नवख्यांना घसा कोरडा करून सांगायची. आणि तिने स्वतः टॉर्क थेट नोडवरच लावला होता. सॉफ्टवेअरने तो मुकाट्याने गिळला होता. मॉडेलमधल्या शाफ्टला पीळ कधी बसलाच नव्हता. दिसत होता तो त्याच्या स्वतःच्या वजनाचा ताण.

तिने नवऱ्याला फोन लावला. उचलला लेकीने.

 

"आई, आमचा पाळणा दरीच्या बरोब्बर मधे आलाय! मला भीती वाटत होती, पण बाबा म्हणाले, घाबरायचं नाही, हे सगळं आईने तपासलंय."