बोटभर फट
जपानमधल्या त्सुकुबातल्या आमच्या प्रयोगशाळेत, प्रदर्शनाआधी तपासायला, अमेरिकेतल्या होपी या आदिवासी जमातीतल्या एका वृद्ध कुंभारणीचा घट आला. गळ्याभोवतीची काळी रेघ एका ठिकाणी बोटभर तुटलेली होती. रंग झिजला असेल, असं समजून मी ती जोडली. “कस्तुरी-सान, आता जोड कुठे आहे ते घटालाही कळायचं नाही!” सहकारी नागाई-सान हसले. गुरुवारी कुंभारणीच्या मुलीचा फोन आला. “मंगळवारपासून आईला श्वास पुरत नाही. त्या रेघेत आम्ही मुद्दाम फट ठेवतो. घडवणारीचा श्वास तिथूनच ये-जा करतो. कुणी फट बुजवली तर नाही ना?” मी मंगळवारीच बुजवली होती. “पाच मिनिटं थांबा,” मी म्हणाले. दुरुस्तीचा रंग आम्ही पुसता येईल असाच लावतो. अल्कोहोलचा बोळा रेघेवरून फिरवला, पांढराच राहिला. पुन्हा फिरवला. नागाई-सान सूक्ष्मदर्शकावर वाकले. “तुमचा रंग घटासोबतच आव्यात भाजलेला दिसतोय.”