माथ्यावरची पाटी

"गिधाड्या सुळक्याच्या माथ्यास २६ जानेवारी १९९६ पूर्वी मानवी पाऊल लागलेले नाही." साहसी पर्यटन समितीच्या कागदावरचे हे पहिले कलम. दुसरे असे, की पायथ्याच्या वाडीतल्या अकराही पुरुषांनी आपण सुळका कधी चढलो नसल्याचा जबाब दिला आहे. सबब वाडीला वाटाड्याचे परवाने देता येत नाहीत. तिसरे असे, की माथ्यावर ठोकलेली पितळी पाटी वाडीतल्याच गेणभाऊने चोरली आणि त्याची बायको बायडाबाई हिने ती दडवली.

वाडीकरांनी आणून दिलेला कागद वैजयंतीने दोनदा वाचला. जुन्नरच्या कॉलेजात ती इतिहास शिकवत असे. नाणेघाटातल्या झिजलेल्या लेखांची अक्षरे लावण्यात तिची वीस वर्षे गेली होती. दोन हजार वर्षांपूर्वीचे राजे एका लेखात निदान एकच खोटे लिहीत असावेत, असे तिला वाटले. इथे एका सहीखाली दोन परस्परविरोधी विधाने सुखाने नांदत होती. वाडीची बाजू मांडायचे तिने त्याच दिवशी कबूल केले.

परवाने नाकारले, तर सुळक्याभोवतीच्या अभयारण्यातल्या सगळ्या चढाया पुण्याच्या गिर्यारोहण संघाकडे जाणार होत्या आणि वाडीतली तरणी माणसे पुन्हा नारायणगावच्या नाक्यावर मजुरीची वाट पाहत उभी राहणार होती.

सुनावणीला जाताना तिने गेणभाऊला गाठले.

"खरं सांगा. तुम्ही चढलाय ना?"

"न्हाई, बाई."

"तळहातावर दोराचे वळ आहेत तुमच्या."

"दोर काय, बैलाला बी बांधत्यात."

मागून चालणारी बायडाबाई खुदकन हसली. "अवं बाई, ह्ये घराच्या माळ्यावर बी चढत न्हाईत. टोपली काढायची झाली तरी मला धाडत्यात!"

वैजयंतीला हसू आले नाही. भ्यायलेल्या माणसांचे जबाब तिने पुष्कळ वाचले होते.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात समितीचे अध्यक्ष रामनाथ बसले होते. समोर तक्रारदार म्हणून संघाचा नेता सुदर्शन. १९९६ च्या त्या पहिल्या चढाईचे पदक त्यालाच मिळाले होते, आणि आताही तो दुसऱ्यांदा पदक घ्यायला आल्यासारखा बसला होता.

"अध्यक्षसाहेब," वैजयंती म्हणाली, "पहिल्या दोन कलमांप्रमाणे वाडीतला माणूस वर जाऊच शकत नाही. तिसऱ्याप्रमाणे तो वर गेला, बोल्ट उपटले आणि पाटी काखेत मारून खाली आला. यातलं खोटं कुठलं, तेवढं तक्रारदारांनी निवडावं."

सुदर्शनचे हसू आटले. "परवा आमच्या चढाईच्या पाचव्या वर्धापनदिनी मी स्वतः माथ्यावर गेलो. पाटी नव्हती. नुसती चार भोकं होती."

"मग नेली कुणी?"

"वानरांनी नेली असेल."

"वानरं पान्हा घिऊन गेलती का, राव?" पायरीवरून जानकू ओरडला. तो वाडीतला सर्वांत म्हातारा. सगळा व्हरांडा हसला.

सुदर्शनही हसला, आणि मग शांतपणे म्हणाला, "चोरीचा आरोप मी मागे घेतो. पहिली दोन कलमं राहू द्या."

रामनाथांनी लेखणी उचलली. "उत्तम. आरोप रद्द. अर्थात, परवाने नामंजूर." युक्तिवाद इतका निर्दोष होता, की त्याने आरोपी सुटले आणि वाडी बुडाली.

"गेणभाऊ, बोला ना काहीतरी!"

"म्या न्हाई चढलो, बाई. देवाशपथ न्हाई."

सुदर्शन कागदपत्रे आवरू लागला. कारकून खाकरला. "साहेब, दुसऱ्या आरोपीचा जबाब राहिलाय. बायकांना कुणी विचारलंच नव्हतं."

"घ्या उरकून," रामनाथ म्हणाले.

बायडाबाई उठली. तिने पदर खोचला. कारकुनाने तिचे बोलणे अक्षरशः उतरवून घेतले, आणि ते आजही त्या फाइलीत तसेच आहे:

"पाटी म्या काढली, साहेब. गिधाड्याच्या माथ्याव आमची देवी हाय, आन् तिथं बाप्या जात न्हाई. दर चैतात वाडीतल्या बाया वर जात्यात, बापे खाली दोर धरत्यात. आज्जीच्या आज्जीपासनं असंच हाय. तुमी समद्या बाप्यांना इचारलं, ते खरंच बोलले. ह्या भाऊंची पाटी माथ्याच्या पंधरा हात खाली, कपारीत ठोकलेली व्हती. साक्षरतेच्या वर्गात मला वाचाया शिकवलंय. पाटीव 'माथा' लिवलेलं. म्हनलं, पावण्यांचं लिवलेलं खोटं पडाया नगं. म्हनून त्याच साली म्या ती कोयत्यानं उचकटली आन् वर नेऊन देवीच्या म्होरं ठिवली. पाच वर्सं तिथंच हाय. माथ्याव गेलं, तर कुनाला बी दिसंल."