धोंडोपंतांची तिथी

"तिथी कळल्याशिवाय यंदा मी पिंडाला हात लावणार नाही," हेमचंद्रांनी चहाच्या कपाला सांगितलं, कारण लेक अनघा ऐकत नव्हती.

सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नव्हती. एकतीस मोडी पत्रं, पुण्याहून करून आणलेली त्यांची देवनागरी नक्कल, एक फोटो, एक तेलकट वही. जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळलेला हा माणूस निवृत्तीनंतर खापरपणजोबा सांभाळत होता.

धोंडोपंत १८७२ साली कारकून म्हणून सिंगापूरला आले ते परतलेच नाहीत. पत्रं मात्र १९०४पर्यंत घरी जात राहिली. वारले कधी, कुणालाच ठाऊक नाही. म्हणून त्यांचं श्राद्ध आपलं सर्वपित्रीला, घाऊकात. हेमचंद्रांना ते बोचायचं. उपकार केवढे त्या माणसाचे! 'मुलास इंग्रजी शाळेत घालावे' हे पाचव्या पत्रात. त्या एका वाक्यावर पाच पिढ्या शिकल्या. आणि 'सगुणेस कोणी बोल लावू नये, तिला माहेरी धाडीत जावे' हे तर बहुतेक पत्रांत.

"बायकोचा इतका विचार करणारा पुरुष, आणि आपल्या घराण्यात?" अनघा म्हणाली. "बाबा, मला संशय येतो."

"टोमणा पोचला."

"आणि आजोबा, हे बघा," दहा वर्षांची नात जाई नकलेवर वाकली. "'मार्गशीर्षात थंडीचा कडाका आहे.' सिंगापूरला? मॉलमध्ये बसून लिहिलं असेल, लाह!" सिंगापुरी शाळेतलं ते 'लाह' तिच्या वाक्यांना चिकटलेलंच असायचं.

"घरची आठवण आली की लागते गं थंडी."

फोटोत धोंडोपंतांच्या सगुणाबाई. भरघोस अंबाडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या काळी त्यांच्यात नवरा गेला की बाईचे केस जायचे. सगुणाबाई १९०४ साली गेल्या त्या सवाष्ण म्हणून, हिरव्या लुगड्यात. अजून घरात त्यांची अविधवा नवमी होते. त्याच वर्षी पत्रं थांबली. "बायको गेली, यांनी लेखणी ठेवली," हे सांगताना हेमचंद्र दर वर्षी त्याच जागी चष्मा पुसायचे. सिंगापूरला जाण्यापूर्वी नवऱ्यानं तिला चोरून अक्षरं शिकवली होती म्हणे. पण बिचारीला ती या तेलकट लोणच्याच्या वहीपलीकडे कुठे उपयोगी पडली नाहीत.

पहिलं पत्र तेवढं टपालानं आलेलं. पुढची सगळी सगुणाबाईंच्या भावानं आणून दिली. तो बोटीवर नोकरीला होता. हेमचंद्र त्याच्याही नावानं पाणी सोडायचे.

फोन किणकिणला. हेमचंद्रांनी मागवलेलं जुन्या इस्पितळाच्या नोंदवहीचं पान ईमेलनं आलं होतं. नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं जुळत होतं. पटकीनं मृत्यू. १४ जुलै १८७३.

"मिळाली!" हेमचंद्र उठलेच. "आणा ते पंचांग!"

"बाबा, थांबा. त्र्याहत्तर?" अनघानं नक्कल ओढली. "म्हणजे पहिलं पत्र सोडलं तर बाकीची तीस..."

हेमचंद्र खाली बसले. त्यांनी ते पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं.

"सोबती असणार कुणीतरी," शेवटी ते हळूच म्हणाले. "मरताना यांनी हात धरून सांगितलं असेल, माझ्या घराकडे बघ. आणि त्यानं तीस वर्षं बघितलं गं! दुसऱ्याच्या नावानं, दुसऱ्याच्या बायकामुलांसाठी. आपण शिकलो ते त्या परक्या माणसामुळे." त्यांनी हात जोडले, डोळे वाहत होते. "त्याचं नाव माहीत नाही, गोत्र माहीत नाही. नसू दे. यंदा पहिली ओंजळ त्याची."

अनघानं आज टोमणा मारला नाही.

जाई मूळ पत्रं चाळत होती. मोडी घरात कुणालाच येत नसे, त्यामुळे सगळे नक्कलच वाचायचे. जाईला वाचायचं नव्हतंच. ती नुसती वळणं बघत होती. तिनं ती तेलकट वही एका पत्राशेजारी उघडून ठेवली. मग दुसऱ्या पत्राशेजारी. मग तिसऱ्या.

"आजोबा, तुमच्या त्या फ्रेंडनं लोणचं कसं घालायचं तेपण लिहिलंय, लाह."