आगामी पुस्तके

"पुस्तक सोळा पानांच्या पटीत बसतं, सर. शेवटचं पान कोरं राहतंय," मी छापखान्यात आलेल्या लिमकरसरांना म्हणालो. "तिथं आगामी पुस्तकांची यादी द्या. वाचक वाट बघतो."

केमोनंतर घातलेली टोपी सरांनी सारखी केली. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीनं, काकूंनीच, माझं पेन घेऊन तीन नावं लिहिली.

सरांनी तपासलेलं प्रूफ परत आलं. त्यात दोन नावं खोडली होती. एक ठेवलं होतं.

छपाई सुरू असतानाच सर गेले. प्रती न्यायला काकू एकट्या आल्या. ग्रंथप्रदर्शनात माझ्या शेजारी त्याच विक्रीला बसल्या. एका मुलीनं शेवटचं पान उघडून विचारलं, "हे कधी येणार?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"लिहिताहेत," त्या म्हणाल्या.